तुम्ही विचारलेत म्हणून: घरच्या नोडमुळे घर उघडे पडते का?

माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, एक छोटा संगणक चोवीस तास चालू असतो. तो बिटकॉइन या डिजिटल चलनाचा पूर्ण नोड, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही ठेवणारा संगणक, आहे हे ज्या थोड्या लोकांना ठाऊक आहे, ते मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: "तुम्ही हे खासगीपणासाठी करता असे म्हणता, पण असे यंत्र घरात ठेवल्याने उलट साऱ्या जगाला तुमचा पत्ता कळत नाही का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नोड 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा प्रत्येक व्यवहार उतरवून घेतो आणि तो नियमांत बसतो की नाही हे स्वतः तपासतो. या नोंदवहीने 600 जीबीचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे, म्हणून मी 2 टीबीची एसएसडी लावली आहे. एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला सातबाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. सातबारा कोणीही पाहू शकतो, पण त्यावर खातेदाराचे नाव असते. समजा नावे पुसून टाकली आणि फक्त गट क्रमांक ठेवले, तर कोणती जमीन कोणाची हे बाहेरच्याला कळणार नाही. बिटकॉइनची नोंदवही अशीच असते; तिच्यात गट क्रमांकांच्या जागी पत्ते, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरे-अंक, असतात. मात्र एखादा माणूस दर आठवड्याला एकाच कारकुनाकडे जाऊन त्याच सात गटांची चौकशी करू लागला, तर त्या कारकुनाला मालक कोण हे सांगावे लागणार नाही. मोबाइलमधले साधे बिटकॉइन वॉलेट उघडल्यावर नेमके हेच घडते. ते परक्या सर्व्हरला तुमच्या सगळ्या बिटकॉइन पत्त्यांची शिल्लक एकदम विचारते, आणि त्या सर्व्हरला हे सारे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे कळते, शिवाय तुमचा आयपी पत्ताही (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कळतो. काही वॉलेटांनी आपले पत्ते इतर पत्त्यांच्या गर्दीत मिसळून विचारण्याची पद्धत वापरली, पण ती गर्दी फार विरळ ठरली आणि 2019 पासून बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या प्रमुख सॉफ्टवेअरने ती सेवा मूळ मांडणीत बंद ठेवली. स्वतःचा नोड असला की चौकशी घरातल्या घरातच होते. माझ्या मते नोड चालवण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

आता तुमच्या शंकेकडे येतो. नोड गप्प बसत नाही. तो स्वतःहून इतर 10 नोडांशी जोडणी करतो, आणि 8333 हा पोर्ट (जोडणीचे दार) उघडा ठेवला तर बाहेरचेही त्याच्याशी जोडले जातात. नोड एकमेकांना इतरांचे आयपी पत्ते कळवत राहतात, त्यामुळे बाहेरून पोहोचता येणाऱ्या नोडांची यादी कोणालाही करता येते. आयपी पत्त्यावरून तुमचा मजला कळत नाही, शहर आणि इंटरनेट कंपनी कळते. पण त्या कंपनीकडे तुमचे नाव आणि पत्ता असतोच. त्याहून नाजूक गोष्ट अशी की तुमचा व्यवहार सर्वप्रथम तुमच्याच नोडमधून बाहेर पडतो. हजारो नोडांशी जोडणी ठेवून वेळेची नोंद करणाऱ्याला त्याचा उगम कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. बिटकॉइन कोअर मुद्दाम कमीअधिक विलंब करून हा अंदाज अवघड करते, अशक्य करत नाही. नोडांमधले संभाषण 2023 अखेरपर्यंत उघड्या मजकुरात चालत असे. 2024 च्या 27 व्या आवृत्तीपासून ते मूळ मांडणीतच कूटबद्ध होते. मात्र त्यामुळे वाटेवरच्याला मजकूर दिसत नाही इतकेच. समोरच्या नोडला तुमचा आयपी पत्ता दिसायचा तो दिसतोच.

म्हणून माझा नोड फक्त टॉर आणि आयटूपी या, बोलणाऱ्याचा आयपी पत्ता लपवणाऱ्या, जाळ्यांतून बोलतो. समोरच्याला माझ्या आयपी पत्त्याऐवजी टॉरवरचा एक लांबलचक ओनियन पत्ता दिसतो. आपल्याकडे पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून कोणाला थेट आत येता येत नाही. टॉरची जोडणी आतून बाहेर जात असल्याने तिला ही अडचण येत नाही. फक्त टॉरवर विसंबणेही मला पटत नाही, कारण तिथे स्वस्तात शेकडो खोटे नोड उभे करून एखाद्याला घेरणे सोपे आहे. आयटूपीची जोड त्यासाठी आहे. पहिल्यांदा सगळी नोंदवही उतरवताना मात्र मी टॉर वापरले नाही, कारण ते फार संथ होते आणि तेव्हा त्या यंत्राला वॉलेट जोडलेलेच नव्हते.

मला खरा फटका बसला तो या जाळ्यामुळे नव्हे, माझ्याच एका सोयीमुळे. आधीच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता होता. गावी गेल्यावर शिल्लक पाहता यावी म्हणून मी नोडचे नियंत्रण पान राउटरमधून बाहेर उघडे केले. परत आल्यावर नोंदी पाहिल्या तर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड ओळखण्याचे शेकडो प्रयत्न झालेले होते. कोणी आत शिरले नव्हते, तरी त्या रात्री मी सगळे पुसून नव्याने बसवले. आता ते पान घराबाहेर दिसत नाही, 8332 हा आज्ञा देण्याचा पोर्ट त्याच यंत्रापुरता बंदिस्त आहे, आणि टीव्ही व दारावरचा कॅमेरा पाहुण्यांच्या वायफायवर वेगळे काढले आहेत. जुना, कधीच अद्ययावत न केलेला कॅमेरा नोडच्या शेजारी बसवणे मला आज सर्वांत धोक्याचे वाटते.

खासगी किल्ल्या, म्हणजे पैसे खर्च करण्याचे गुप्त आकडे, नोडवर नाहीत; त्या वेगळ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (किल्ल्या जपणाऱ्या छोट्या उपकरणात) आहेत. पण म्हणून नोड चोरीला गेला तरी काही बिघडत नाही, असे समजू नका. शिल्लक पाहण्यासाठी त्यावर ठेवलेल्या विस्तारित सार्वजनिक किल्लीवरून माझे सगळे बिटकॉइन पत्ते, मागचे आणि पुढचेही, काढता येतात. चोराला पैसे मिळणार नाहीत, पण किती आहेत ते कळेल, आणि मग तो माझ्याकडे येईल. म्हणून डिस्क कूटबद्ध आहे.

डिसेंबर 2020 मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या अडीच लाखांहून अधिक ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक उघड झाले, आणि पुष्कळांना धमक्यांचे निरोप आले. यात कोणाच्याही नोडचा दोष नव्हता; कुरियरसाठी दिलेला पत्ता पुरेसा ठरला. सोसायटीत मी या विषयावर बोलत नाही, ते याचसाठी. कर बुडवायचा म्हणून हे सारे करतो का, असेही काहींनी विचारले आहे. नाही. बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजकडे माझी ओळखपत्रे आहेत, 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो, आणि नफ्यावरचा 30 टक्के कर मी भरतो. सरकारला जे सांगायचे ते मी सांगतो; तेच एखाद्या अनोळखी सर्व्हरला सांगायची मला गरज वाटत नाही.

माझ्या भाच्यालाही आता घरी नोड बसवायचा आहे. "मामा, डिस्क कोणती घेऊ?" असा त्याचा फोन आला, तेव्हा मी त्याला आधी राउटरचा मूळ पासवर्ड बदलायला आणि घरातली कोणकोणती यंत्रे त्या वायफायवर आहेत त्यांची यादी करायला सांगितले. यादी सतरा यंत्रांची निघाली, आणि त्यांतली चार कशाची आहेत हे तो अजून शोधतो आहे.