५०० मिमीची आरशाची लेन्स छोट्या मिररलेसवर: हर्णे-आंजर्ले पट्ट्यातली आजवरची प्रगती

किनाऱ्यावरचे पक्षी आणि जीव टिपायचा संच असा आहे: टॅमरॉन एसपी ५०० मिमी एफ/८ (मॉडेल ५५बीबी; आतल्या दोन आरशांनी उजेड दुमडणारी लेन्स), १६ मेगापिक्सेलची मायक्रो फोर थर्ड्स बॉडी (छोट्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा), मध्ये अडॅप्टॉल-२ (टॅमरॉनचा बदलता येणारा माउंट) ते मायक्रो फोर थर्ड्स असा एकच अडॅप्टर. लेन्सचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हातात धरून वापरता येण्याजोगं. सेन्सर अर्धा असल्यामुळे चित्रात येणारा भाग फुल फ्रेमवरच्या १००० मिमी लेन्सइतका. आडवा कोन जेमतेम २ अंश. १०० मीटरवर साधारण साडेतीन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो आणि एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरचा होतो.

हा शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा: इतक्या बारकाईत जराशी हालचालही चित्रात दिसते. आरशाच्या लेन्सला ‘मऊ’ म्हणायची पद्धतच पडून गेली आहे. पण या संचावर जे बिघडतं त्यातलं बहुतेक काचेत नसतं. जोडात, धक्क्यात आणि हवेत असतं. काचेला दोष द्यायच्या आधी या तिन्ही गोष्टी निस्तरायच्या, आणि त्याही याच क्रमाने.

जोड

अडॅप्टॉल-२ चं फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) ५०.७ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५ मिमी, म्हणजे अडॅप्टरची जाडी ३१.४५ मिमी हवी. हाताशी निकॉनची अडॅप्टॉल कडी असेल तर तिच्यापुढे निकॉन एफ ते मायक्रो फोर थर्ड्सचा २७.२५ मिमीचा अडॅप्टर लावूनही काम होतं. पण मग लेन्स ते कडी, कडी ते अडॅप्टर आणि अडॅप्टर ते बॉडी असे तीन जोड होतात आणि प्रत्येकाची थोडीथोडी ढिलाई साठत जाते. थेट अडॅप्टर मिळत असेल तर तोच घ्या. त्यावर अ‍ॅपर्चरची रिंग असली तरी या लेन्सला अ‍ॅपर्चरच नाही, त्यामुळे ती फिरवून काहीही होत नाही.

जुन्या बाजारातून दुसरी एखादी ५०० मिमी घेणार असाल तर मागचा आटा आधी तपासा. टी२ आणि एम४२ दोन्ही ४२ मिमी व्यासाचे असतात. पण टी२ चा पिच (आट्याच्या दोन चऱ्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी आणि एम४२ चा १ मिमी. टी२ ची लेन्स एम४२ अडॅप्टरमध्ये एखादा फेरा जाते आणि अडकते. तिथे जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचा आटा कायमचा गेला. शिवाय टी२ चं फ्लँज ५५ मिमी आणि एम४२ चं ४५.४६, म्हणजे ओढूनताणून बसवली तरी फोकस चुकीच्या जागीच पडणार. टी२ साठी मायक्रो फोर थर्ड्सवर ३५.७५ मिमी जाडी लागते, सोनी ई वर ३७.

जाडी थोडी चुकली तर किती बिघडतं याचा हिशोब सोपा आहे. फोकल लांबीचा वर्ग भागिले जाडीतली चूक. अडॅप्टर ०.१ मिमी जास्त जाड असेल तर लेन्सच्या अनंताच्या खुणेवर प्रत्यक्ष फोकस अडीच किलोमीटरवर पडतो. १ मिमी जास्त असेल तर २५० मीटरवर. ५५बीबीची फोकस रिंग, बहुतेक आरशाच्या लेन्सप्रमाणे, अनंताच्या खुणेपलीकडेही फिरते. तापमानाने नळी लांब-आखूड होते म्हणून ही जागा मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे स्वस्त अडॅप्टरमधला दहाव्या-पाचव्या हिश्शाचा फरक ती गिळून टाकते. जाडी जुळवायला पत्र्याचे तुकडे घालत बसू नका. दोन-तीन किलोमीटरवरून कनकदुर्गावरच्या दीपस्तंभावर सकाळी लवकर फोकस करून बघा. सर्वांत तीक्ष्ण जागेच्या दोन्ही बाजूंना रिंग फिरायला जागा उरली, तर जोड पास.

ढिलाई मात्र सोडू नका. लेन्स हलकेच पिळून बघा. बायोनेटमध्ये (फिरवून अडकवायच्या जोडात) खुळखुळ जाणवली तर अडॅप्टरच्या पाकळ्यांमधल्या बारीक फटीत पातळ पातं घालून त्या केसभर फाकवा. एकेक पाकळी, प्रत्येक वेळी लावून बघत. जास्त फाकवलेली पाकळी बॉडीच्या माउंटला घासते आणि धातूचा कीस सेन्सरवर जातो, म्हणून हे काम अडॅप्टर बॉडीपासून दूर ठेवूनच करायचं. काही अडॅप्टरच्या आतल्या कडीला कडेने तीन बिनडोक्याचे स्क्रू असतात. ते सैल असले तरी सगळं हलतं. ते ढिले करून कडी फिरवली की लेन्सची अंतरपट्टी बरोबर वर आणता येते. मग पुन्हा घट्ट.

आतली चमक

या लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळातच कमी. समोरच्या दुय्यम आरशामुळे मध्यभागी आडोसा येतो आणि बारीक तपशिलातला काळा-पांढरा फरक घटतो. त्यात किनाऱ्यावर वाळू आणि पाणी दोन्हीकडून उजेड. अडॅप्टरची आतली बाजू नुसती काळी अ‍ॅनोडाइझ केलेली असते आणि तिरक्या उजेडात लख्ख चमकते. तपासायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या पुढून मोबाइलचा टॉर्च थोडा तिरका दाखवा आणि अडॅप्टरच्या मागून पाहा. जिथे पांढरी कडी दिसते तिथेच काम करायचं.

मखमली काळा चिकटकागद उत्तम उजेड खातो. पट्टीची लांबी म्हणजे आतल्या व्यासाच्या ३.१४ पट, ४० मिमी व्यासाला साधारण १२६ मिमी. रुंदी सपाट भागापेक्षा २ मिमी कमी ठेवा. पण कोकणातल्या दमट उकाड्यात त्याचा गोंद कडेने सुटतो आणि मखमलीचे तंतू सेन्सरवर पडतात. इथे फळ्याला लावतात तो मॅट काळा रंग बरा. आधी बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरवडा, पुसा, मग पातळ दोन हात. वास पूर्ण जाईपर्यंत लेन्सला लावू नका; बाष्प काचेवर बसतं.

हूड (लेन्सपुढची, तिरका उजेड अडवणारी नळी) हवाच. ५५बीबीचा पुढचा आटा ८२ मिमीचा, पण उजेड येण्याची वाट ६२-६३ मिमीचीच. कोन इतका अरुंद आहे की १२० मिमी लांब हूडनेही मायक्रो फोर थर्ड्सवर कोपरे काळे पडत नाहीत. २ मिमी जाडीची काळी फोम शीट गुंडाळून वेल्क्रो लावला की झालं. भरवाऱ्यात मात्र तो शिडासारखं काम करतो. तेव्हा काढा.

मागचा ३०.५ मिमीचा फिल्टर लेन्सच्या रचनेचाच भाग आहे. रंगीत नको असेल तर साधा लावायचा, रिकामं ठेवायचं नाही. काढला तर काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाइतका फोकस सरकतो. वापरलेल्या लेन्समध्ये हाच फिल्टर हरवलेला असण्याची शक्यता असते. घेताना मागून नक्की बघा.

बॉडीची मांडणी

लेन्सचा बॉडीशी विद्युत संपर्क नाही, म्हणून ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू केला नाही तर काही बॉडी फोटोच काढत नाहीत. बॉडीतल्या स्थिरीकरणाला फोकल लांबी हाताने सांगावी लागते: ५००, १००० नव्हे. सेन्सर किती सरकवायचा हे खऱ्या लांबीवर ठरतं. १००० भरलं तर दुरुस्ती दुप्पट होते आणि चित्र उलट जास्त हलतं. लेन्स बदलली की आकडाही बदलायचा.

मेकॅनिकल शटरचा पहिला पडदा आपटण्याचा धक्का साधारण १/६० ते १/३२० या पट्ट्यात सर्वांत जास्त नडतो, आणि सकाळच्या कोवळ्या उजेडात नेमका तोच पट्टा मिळतो. इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा लावा. ऑलिंपसवर तो अँटी-शॉक ० सेकंद म्हणून येतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्याला चालेल. उडत्याला नाही: सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पंख वाकडे होतात.

प्रकाशाचा हिशोब: मधला आडोसा व्यासाच्या ४० टक्के धरला तर १६ टक्के उजेड तिथेच जातो, उरलेल्यातून दोन आरसे आपला वाटा घेतात. एफ/८ म्हटलं तरी प्रत्यक्षात एफ/१० च्या आसपासच हाती येतं. बॉडीचं मीटरिंग हे आपोआप सांभाळतं, पण हाताने मोजून एक्सपोजर देणाऱ्यांनी अर्धा ते पाऊण स्टॉप धरून चालावं. स्वच्छ उन्हात आयएसओ २०० ला १/५०० मिळतं. उडत्या कुरवांना १/१६०० हवं, म्हणजे आयएसओ ८००. रॉमध्येच काढा. हिस्टोग्राम मध्ये गोळा झालेला दिसेल. काळा बिंदू वर ओढला की चित्र जागं होतं. जेपीईजीत तेवढी ओढाताण सोसत नाही.

फोकस

पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. कमी कॉन्ट्रास्टमुळे ते एकतर लागतच नाही किंवा ओल्या वाळूच्या चमकीवर खोटं लागतं. ५ पट मोठं करून शोधा, १० पटीने नक्की करा. रिंग तीक्ष्ण जागेच्या पलीकडे नेऊन परत आणायची. एकाच बाजूने गेलं तर कुठे थांबायचं ते कळत नाही.

खोली (फोकसमध्ये दिसणारा पट्टा) किती मिळते: सेन्सरवर ०.०१५ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका तीक्ष्ण धरून १५ मीटरवर एकूण २२ सेंटिमीटर, ३० मीटरवर ८६ सेंटिमीटर, ४० मीटरवर दीड मीटर. पूर्ण आकारात बघणाऱ्याने याच्या निम्मीच धरावी. आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी कुरव ठरावीक वाटेने ये-जा करतात. त्या वाटेवरचा एखादा खुंट किंवा होडीची नाळ धरून ४० मीटरवर फोकस बांधून ठेवायचा आणि पक्षी तिथे आला की सलग फोटो घ्यायचे. मागे मागे फोकस करत जाणं या लेन्सवर फळत नाही.

२ अंशांत पक्षी सापडणं हेच अर्धं काम. हॉट शूवर (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) लाल ठिपक्याची नेम धरायची खूण (रेड डॉट साइट) बसवली तर मोठा फरक पडतो. ती निदान ५०० मीटरवरच्या वस्तूवर जुळवून घ्या. जवळच्या वस्तूवर जुळवली तर लांबचा पक्षी चौकटीबाहेर राहतो.

या लेन्सची सगळ्यांत कमी वापरली जाणारी बाजू म्हणजे जवळचा फोकस: १.७ मीटर, १:३. मायक्रो फोर थर्ड्सवर ५२ × ३९ मिमीची चौकट भरते. ओहोटीला कांदळवनाच्या कडेच्या चिखलावर निवट्या आणि लाल नांगीचे खेकडे माणसाची सावली पडली की बिळात जातात. दोन-तीन मीटरवर बसलात तर येतात. १.७ मीटरवर खोली फक्त ३ मिमी. निवटीचे दोन्ही डोळे एका प्रतलात येतील असं समोरून बसा आणि कॅमेरा चिखलाला टेकवल्यासारखा खाली ठेवा. इतक्या खालून मागचा चिखल लांब जातो आणि एकसंध धुरकट होतो, मग फोकसबाहेरच्या चमकत्या ठिपक्यांच्या कड्या दिसत नाहीत.

कड्यांचं म्हणाल तर फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका मेदूवड्यासारखा होणारच. तो घालवता येत नाही, टाळता येतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो, पाणी चमकत नाही. संध्याकाळी समोरची लाटन् लाट कड्यांनी भरते. सुरूच्या बनाची पार्श्वभूमीही टाळा. प्रत्येक सुई दुहेरी दिसते.

धक्का आणि हवा

ट्रायपॉड भिजलेल्या मऊ वाळूत रोवला तर लाट फुटली की तो शहारतो. प्रत्येक पायाखाली जांभ्याच्या चिऱ्याचा सपाट तुकडा ठेवा. मधल्या दांड्याला पिशवी लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली आणि दोरी ताणलेली हवी. झुलती पिशवी वाऱ्यात स्वतःच हेलकावे देते. बंधाऱ्यावर किंवा होडीच्या काठावर कुळीथ भरलेली दीड किलोची कापडी पिशवी ट्रायपॉडपेक्षा सरस. पिशवी लेन्सखाली ठेवायची, बॉडीखाली नाही, म्हणजे अडॅप्टरच्या जोडावर वजन येत नाही.

ऊन चढलं की कोरड्या वाळूवरची हवा थरथरते. स्थिरीकरण, ट्रायपॉड, शटर, कशानेही ते सुधारत नाही. सकाळी नऊ-साडेनऊनंतर ६०-७० मीटरपलीकडचं सोडून द्या. ओल्या वाळूवरून किंवा थेट पाण्यावरून बघितलं तर थोडा जास्त वेळ मिळतो. सुवर्णदुर्गाच्या तटावरच्या ब्राह्मणी घारी बंदरातून टिपायच्या तर उजाडल्यावरचा पहिला तासच. एसी गाडीतून उतरून लगेच लेन्स काढली तर पुढची काच धुरकटते, आणि ती स्वच्छ झाल्यावरही नळीतली गार हवा ढवळत राहते. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर राहू द्या.

आरशांची जुळणी तपासायला रात्री जेटीवरचा लांबचा एखादा दिवा घेऊन फोकस मुद्दाम बिघडवा. कडी सगळीकडे सारख्या जाडीची हवी. मधलं भोक एका बाजूला सरकलेलं दिसलं, आणि फोकसच्या दोन्ही बाजूंना तसंच राहिलं, तर आरसा हललेला आहे. घरी उघडू नका.

पावसाळ्यासाठी

चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये ठेवली तर बुरशी ठरलेली. हवाबंद प्लास्टिकचा डबा, छोटं आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. आर्द्रता ४० ते ५० टक्के. नारिंगी दाणे हिरवे झाले की ११०-१२० अंशांवर भाजून परत वापरा. किनाऱ्यावरून आल्यावर पुढच्या काचेवरचं मीठ कोरडं पुसू नका, खडे ओरखडे काढतात: आधी फुंकणीने हवा, मग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला केलेला टिश्यू, शेवटी कोरडा. लेन्स बॉडीवरून न काढता तसंच ठेवलं तर अडॅप्टरच्या पाकळ्यांत ओल धरते. दोन्ही वेगळे करून डब्यात.

राहिलेलं काम: लेन्सच्या नळीला धरणारी खालची पट्टी. ५५बीबीचा भार सध्या बॉडीच्या माउंटवर येतो. ट्रायपॉडवर असताना तो लेन्सवर घ्यायला हवा. ६ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एका टोकाला १/४ इंची स्क्रूने बॉडी, दुसऱ्या टोकाला रबर लावलेला व्ही आकाराचा आधार, असा आराखडा आहे. आधार फोकस रिंगच्या मागे, न फिरणाऱ्या भागावरच यायला हवा. तिथे जागा कमी आहे, म्हणून पट्टी कापण्याआधी अडॅप्टर लावलेल्या अवस्थेत बॉडीच्या स्क्रूपासून त्या भागापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून घ्या. प्रत्येक बॉडीला ते वेगळं येईल.