लायब्ररी प्रकल्पात घेण्यापूर्वी

नवी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आपल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात घ्यायची की नाही हे ठरवताना मी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तिला मिळालेल्या ताऱ्यांची, म्हणजे पसंतीच्या खुणांची, संख्या पाहत नाही; आधी तिथल्या जुन्या तक्रारी उघडतो आणि अनोळखी माणसाच्या अडचणीला कोणी, किती दिवसांनी आणि कोणत्या शब्दांत उत्तर दिले हे वाचतो. उत्तर देणारा दर वेळी एकच माणूस असेल, तर मला काळजी वाटते. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड यूटिल्स या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेली चोरवाट (गुपचूप शिरकावासाठी कोडमध्ये लपवलेला मार्ग), एकट्याने भार वाहून थकलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास दीर्घकाळ मदत करून मिळवलेल्या सहकाऱ्याच्याच खात्यातून आत आली होती. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठीच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले आणि त्याने त्याचा पिच्छा सोडला नाही, म्हणून ती उघडकीस आली.

परवाना आणि अवलंबित्वांची, म्हणजे ती लायब्ररी ज्या इतर लायब्रऱ्यांवर विसंबते त्यांची, यादी मी लगेच वाचून घेतो. खरी परीक्षा मात्र आपल्याच डेटावर होते. पीडीएफ बनवणारी एक लायब्ररी नमुन्यात अतिशय देखणी दिसत होती, पण आमच्या पावतीवर ‘किंमत’मधली पहिली वेलांटी तिने ‘क’च्या आधी न छापता नंतर छापली आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी केली. इंग्रजी मजकुरावर हा दोष कधीच दिसला नसता. तेव्हापासून चाचणीच्या पहिल्याच फाइलमध्ये मी ‘ज्ञानेश्वर’, ‘किर्र’ आणि ‘तऱ्हा’ हे शब्द ठेवतो.