गुळीची नोंदवही: तिसरा हंगाम, पहिली खरी वडी

तिसऱ्या हंगामात गुळीच्या पाल्यापासून निळीची वडी जमली. वजन नऊ ग्रॅम. तीन किलो ओल्या पाल्यातून एवढंच निघालं, आणि त्यात थोडा चुनाही आहे. पण नखाने दाबून घासली की घासलेल्या जागी तांब्यासारखी लकाकी येते. निळीची जुनी पारख हीच. पहिल्या दोन वर्षांच्या वड्यांना ती कधी आली नव्हती. राखेसारखी भुकटी हाती लागायची आणि तिने कापड मळकं व्हायचं. यंदा काय बदललं ते ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

सुरुवात झाडापासून. नीळ म्हटलं की आपल्याकडे पटकन धुण्यातली नीळ आठवते, पण तिचा या झाडाशी काही संबंध नाही. माझ्याकडे आहे ती इंडिगोफेरा टिंक्टोरिया, जुन्या मराठीतली गुळी. शेंगवर्गातलं झुडूप, कमरेएवढं होतं. पानं शेवग्याच्या पानांची आठवण करून देणारी, फुलं बारीक आणि गुलाबी. झाडावर निळं असं काहीच दिसत नाही, आणि हेच मला या झाडाचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं.

पहिल्या वर्षी मी जे बी पेरलं त्यातलं निम्मं भलतंच निघालं. उगवली होती उन्हाळी, म्हणजे शरपुंखा. दोन्ही झाडं लांबून बहिणी वाटतात. नव्या मंडळींसाठी खूण सांगतो: पर्णिकेचं टोक धरून अलगद ओढा. उन्हाळीची पर्णिका शिरांच्या रेषेत तुटते आणि बाणाच्या टोकासारखा आकार उरतो. गुळीची तशी तुटत नाही. दुसरी खूण त्याहून पक्की. गुळीचं पान चुरगळून सुकू द्या, ते निळसर काळं पडतं. हे एकदा पाहिलं की पुढे झाड ओळखण्यात चूक होत नाही.

बियांचं कवच कठीण असतं. यंदा सँडपेपरवर हलकं घासून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं. पाचव्या दिवशी कोंब. खत असं काही दिलं नाही. मुळं उपटून पाहिली तर गाठी भरपूर, नत्राची सोय झाड आपली आपण करतं. पाणी साचू दिलं नाही, एवढंच जपलं.

कापणी सप्टेंबरमध्ये, कळ्या दिसू लागल्या त्या आठवड्यात. रंगाचं मूळ द्रव्य, इंडिकन, पानात असतं आणि फुलोरा धरण्याच्या आधी पान सगळ्यात भरलेलं असतं. सकाळी लवकर, जमिनीपासून वीतभर सोडून कापलं आणि तासाभराच्या आत पाण्यात घातलं. कापून ठेवलेला पाला उन्हात तापला की माल तिथेच कमी होतो. गेल्या वर्षी कापणी सकाळची आणि भिजवण संध्याकाळची केली होती, ती पहिली चूक.

दुसरी चूक भिजवण्याच्या वेळेची. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या कामातली निम्मी विद्या इथेच आहे.

पाला पाण्याखाली दाबून ठेवला की पानातलंच विकर (एन्झाइम) इंडिकनचे दोन तुकडे करतं: एक साखर आणि एक इंडॉक्सिल. इंडॉक्सिल पाण्यात उतरतं, त्याला रंग नसतो. त्याचे दोन रेणू हवेतल्या प्राणवायूच्या साक्षीने जोडले गेले की नीळ होते. म्हणजे पानात नीळ नाही, पाण्यातही नाही. ती जन्मते हवा लागल्यावर. आता अडचण अशी की पाला कमी भिजला तर इंडॉक्सिल पुरतं बाहेर येत नाही, आणि जास्त भिजला तर कुजतो, पाणी आंबतं, इंडॉक्सिल भलत्याच पदार्थांत वाया जातं. गेल्या वर्षी मी तीस तास ठेवला होता, जास्त वेळ म्हणजे जास्त रंग या समजुतीने. करडा गाळ मिळाला.

यंदा घड्याळ बाजूला ठेवून पाण्याकडे पाहत बसलो. पाणी साधारण तीस अंशांवर होतं. सहा तासांनी फिकट पिवळं. दहा तासांनी कडेला पोपटी झाक, बारीक बुडबुडे, भिजलेल्या मुगासारखा गोडसर वास. तेराव्या तासाला पृष्ठभागावर तांबूस निळी साय धरली. बोटाने बाजूला सारली की खालचं पाणी उजेडात फ्लोरोसंट पट्टीसारखं हिरवं चमकायचं. वास अजून गोड होता, पण त्यात शेणाची एक बारीक तार मिसळू लागली होती. ती तार लागली आणि मी पाला उपसला. चौदा तास झाले होते. तुमचं पाणी थंड असेल तर वीसही लागतील, म्हणून आकडा पाठ करू नका. साय आणि वास या दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा.

पाणी कापडातून गाळलं, विरलेला चुना थोड्या पाण्यात कालवून त्याची निवळी घालत गेलो आणि पीएच साडेदहाच्या आसपास आणला. मग घुसळण. मी ताकाची मोठी रवी वापरली. पहिली पाच मिनिटं हिरवा फेस. मग फेसाच्या कडा निळ्या, मग अख्खा फेस गडद निळा, बादलीच्या वर चढून येणारा. पाऊण तासाने फेस आपोआप बसू लागला आणि पांढरट झाला. तो बसला की काम संपलं. एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून पाहिलं: बारीक निळे कण खाली बसताहेत, वरचं पाणी जवसाच्या तेलाच्या रंगाचं. तसंच हवं होतं.

पाऊण तास रवी ओढून माझे खांदे भरून आले, आणि बंगालमधल्या निळीच्या कोठ्या डोळ्यांपुढे आल्या. तिथे हे काम हौदात उतरून करायचं असे. माणसं कंबरभर पाण्यात तासन्‌तास उभी राहून वल्ह्यांसारख्या फळ्यांनी पाणी मारत. ब्रिटनमध्ये येणाऱ्या निळीत हिंदुस्थानचा वाटा १७८८ मध्ये सुमारे ३० टक्के होता, १८१० पर्यंत तो ९५ टक्क्यांवर गेला. ती वाढ याच हौदांतून आली, आणि शेतातून. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम, दादन, देऊन बांधून घ्यायचं, चांगल्या जमिनीत भाताऐवजी नीळ लावायला लावायची आणि भाव असा द्यायचा की कर्ज फिटू नये. १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यात दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास यांच्या पुढाकाराने रयतेने नीळ पेरायला नकार दिला. तो नकार बंगालभर पसरला आणि १८६० मध्ये सरकारला नीळ आयोग नेमावा लागला. या झाडाचा छंद असणाऱ्याने हा इतिहास नुसता चाळू नये असं मला मनापासून वाटतं. तीन किलो पाल्याला नऊ ग्रॅम, हे गुणोत्तर हातात आलं की पेट्या भरभरून जाणाऱ्या मालामागे किती जमीन आणि किती पाठी लागल्या असतील ते कळतं.

त्याआधीचा काळ वेगळा होता. अहमदाबादजवळचं सरखेज आणि आग्र्याजवळचं बयाना ही सतराव्या शतकात निळीची नावाजलेली ठिकाणं. बयान्याची नीळ सगळ्यात सरस मानत. तेराव्या शतकात मार्को पोलोने कोल्लमला पाला भिजवून नीळ करण्याची रीत नोंदवली आहे. ग्रीक लोक तिला ‘इंडिकॉन’, म्हणजे हिंदचं, म्हणत. इंडिगो त्यावरूनच आलं. रोमन लेखक प्लिनीने अस्सल निळीची परीक्षा दिली आहे: जाळली तर जांभळी ज्योत उठते. मी वडीचा खसखशीएवढा कण तापलेल्या पळीत टाकून पाहिला. जांभळी वाफ क्षणभर उठली आणि गेली. दोन हजार वर्षांपूर्वीची परीक्षा माझ्या पळीत उतरली, त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

नीळ एकट्या गुळीतूनच मिळते असं मात्र नाही. युरोपात वोड नावाचं झाड, जपानात पर्सिकेरिया, आसामकडे स्ट्रोबिलँथिस, आपल्या रानातला काळा कुडासुद्धा. झाडं वेगळी, रेणू एकच. पेरूमध्ये सुमारे ६००० वर्षांपूर्वीचं निळीचं सुती कापड सापडलं आहे. वोडवाल्यांचा धंदा वाचवण्यासाठी फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये बाहेरची नीळ वापरणाऱ्याला मृत्युदंड फर्मावला होता. वोडच्या पानात रंग कितीतरी कमी, त्यामुळे गुळीची भीती वाटणं साहजिक होतं.

पुन्हा बादलीकडे येतो. गाळ रात्रभर बसू दिला, वरचं पाणी नळीने काढलं, उरलेला गाळ एक उकळी आणून दाट सुती कापडात टांगला. उकळी आणल्याने वडीला बुरशी लागत नाही. पिळायचं नाही, आपोआप निथळू द्यायचं. चौथ्या दिवशी खव्यासारखा गोळा झाला, तो कापून सावलीत वाळवला. पाल्याचा चोथा थेट झाडांच्या बुडाशी घातला. उत्तम खत आहे.

नुसत्या वडीने कापड रंगत नाही. नीळ पाण्यात विरघळतच नाही, म्हणून तिचं क्षपण करून, म्हणजे प्राणवायूने झालेला बदल उलटवून, तिला पुन्हा विरघळणारं रूप द्यावं लागतं. त्यालाच माठ लावणं म्हणतात. मी नैसर्गिक रंगांचे जाणकार मिशेल गार्सिया यांची एक-दोन-तीन रीत धरली: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. आठ ग्रॅम नीळ बाटलीत काचेच्या गोट्या आणि थोडं पाणी घालून अर्धा तास हलवली, जेणेकरून कण उरू नये. तीन लिटर पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवून सगळं एकत्र केलं आणि झाकून ठेवलं. तासाभराने झाकण काढलं तेव्हा वर तांब्याची साय, मधोमध निळा फेस, आणि खाली बाटलीतून पाहावं तसं मधाच्या रंगाचं स्वच्छ पाणी. दोन वर्षं ज्याची चित्रंच पाहिली ते समोर होतं.

कोऱ्या कापडाची खळ आधी धुण्याच्या सोड्यात उकळून काढली होती. कापड ओलं करून, हवेचा बुडबुडा आत जाऊ न देता माठात सोडलं. पाच मिनिटं. वर आलं तेव्हा कोवळ्या केळीच्या पानासारखं पिवळट हिरवं. मी ते दोन्ही हातांत ताणून उभा राहिलो. आधी घड्यांच्या कडा हिरव्या झाल्या, मग कडांवरून निळा रंग आत सरकू लागला, मधला भाग सगळ्यात शेवटी. जिथे माझ्या अंगठ्याखाली कापड दबलं होतं तिथे हिरवा ठिपका राहिला होता. अंगठा काढला आणि तोही डोळ्यांदेखत निळा झाला.

लहानपणी ऐकलेली निळ्या कोल्ह्याची गोष्ट मला तेव्हा नव्याने कळली. रंगाऱ्याच्या निळीच्या माठात पडलेला कोल्हा बाहेर आला तेव्हा निळा नसणार, पिवळट हिरवा असणार. रानात पोचेपर्यंत वारा लागून निळा झाला असेल. केसांना नीळ फार घट्ट धरते, त्यामुळे रंग न जाणं अगदी खरं. ही गोष्ट रचणाऱ्यांच्या आसपास निळीचे माठ नक्की होते. आपल्याकडे तर निळीच्या रंगकामावर जगणारा निराळी नावाचा समाजच होता.

सहा बुड्या दिल्या, दोन बुड्यांमध्ये पंधरा मिनिटं हवा. एकाच लांब बुडीने गडद रंग येतो हा गैरसमज आहे. नीळ धाग्याच्या आत फार शिरत नाही, थरावर थर चढते. जीन्स घासून पांढरी पडते तीही याच कारणाने, धाग्याचा गाभा पांढराच राहिलेला असतो. एका बुडीचा तुकडा आभाळी, तिसऱ्याचा स्वच्छ निळा, सहाव्याचा पावसाळी ढगासारखा. शेवटी व्हिनेगरच्या पाण्यात चुना मारला आणि भरपूर धुतलं. सहाव्या तुकड्याचा रंग हाताला किंचित लागतो. पाचवी आणि सहावी बुडी घाईने दिली, मध्ये हवा पुरती लागू दिली नाही, असं मला वाटतं.

तुलनेसाठी कृत्रिम निळीचाही एक माठ लावला. रेणू तोच, जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८३ मध्ये त्याची रचना मांडली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. त्यानंतर इथल्या निळीचा भाव कोसळला. चंपारणातल्या मळेवाल्यांनी तो तोटाही शेतकऱ्यांवर ढकलला: बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची, ही तीनकठिया सक्ती सोडवून घ्यायची तर जादा सारा भरा. १९१७ मध्ये राजकुमार शुक्ल गांधीजींना तिथे घेऊन गेले आणि १९१८ च्या कायद्याने ती सक्ती गेली. माझ्या दोन तुकड्यांत फरक आहे. कारखान्याच्या निळीचा तुकडा सपाट, एकसारखा. वडीच्या तुकड्यात किंचित जांभळट ऊब आहे. इंडिरुबिन नावाचं लालसर भावंड नैसर्गिक निळीत बरोबर येतं, ते असावं. दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी धरले तरच दिसतं.

पुढचं काम ठरलं आहे. टाकळ्याचं बी जमवलं आहे. दक्षिणेत ते उकडून माठात घालतात आणि आंबवणीवर माठ महिनोन्‌महिने जिवंत ठेवतात. फ्रुक्टोजशिवाय तसा एक माठ लावून पाहायचा आहे. कुणी टाकळ्यावर माठ चालवला असेल तर बी किती उकडावं आणि थंडीत माठाला ऊब कशी द्यावी ते जरूर सांगा. कापलेल्या खुंटांना पुन्हा फुटवे आले आहेत, वीतभर झालेत. दुसरी कापणी नोव्हेंबरात येईल. थंडी असल्याने या वेळी भिजवण बहुधा वीस तासांच्या पुढे जाईल, तेव्हा रात्री दोनचा गजर लावून साय पाहायला उठणार आहे.