मुंबईला जायचंय, पण समुद्रातून

मुंबईला कसं जावं याबद्दल पुण्यात दोनच पक्ष आहेत: डेक्कन क्वीनवाले आणि एक्स्प्रेसवेवाले. तिसरा पक्ष काढण्याची कल्पना मेव्हण्यांची. त्यांनी गोव्यात एक जुनी तीस फुटी फायबरची बोट घेतली. मागे दीडशे हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिनं. बोट ठेवायची होती मुंबईसमोरच्या, अलिबागजवळच्या मांडव्याला. ट्रेलरवर घालून रस्त्याने आणता आली असती, पण दिवाळीच्या फराळाला ते म्हणाले, "समुद्रातूनच आणू या. वाटेत दोन रात्री मुंबईत थांबू, सगळ्यांना बदल होईल." बायकोने चकली खाता खाता होकार दिला, त्यामुळे माझं मत विचारण्याचा प्रश्नच उरला नाही.

पुढचे दोन महिने कोथरूडमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालंच नाही. तिथे किनाऱ्याचा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर पोह्यांचा, रव्याचा, साबुदाण्याचा आणि लाडवांचा असे चार डबे. पणजी ते मुंबई साधारण सव्वादोनशे सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे मी इतक्या वेळा मोठ्याने म्हटलं की मुलगी वैतागली.

आधी आम्ही पुणेरी पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे निघण्याच्या दिवसापासून. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम, असं करत वर सरकायचं. तीन रविवार गेले आणि मग लक्षात आलं की सगळं उलटं चाललंय. कोकणात प्रत्येक वीस-तीस मैलांवर एखादी खाडी आहे, आत शिरलं की बोट सुरक्षित. विजयदुर्ग तर त्याचसाठी प्रसिद्ध. अडचण होती ती मुंबईची. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या त्या शहरात बाहेरून आलेल्या माणसाने आपली बोट रात्रभर ठेवायची कुठे?

गेटवेच्या पायऱ्यांना माणसं उतरवायची आणि लगेच निघायचं, तिथे बोट बांधून ठेवता येत नाही. भाऊच्या धक्क्यावर मच्छीमार बोटी आणि प्रवासी लाँची. ससून डॉक १८७५ सालचा, पण तिथे पहाटे मासळीचा लिलाव असतो, आमच्यासारख्या हौशी लोकांना कोण उभं करेल? उरतात त्या गेटवेसमोर पाण्यात तरंगणाऱ्या बोया. तळाशी वजन, वर साखळी, तिला बोट अडकवायची. पण प्रत्येक बोयाचा कुणी ना कुणी मालक असतो. त्यासाठी मेव्हण्यांनी किती फोन केले ते विचारू नका. एका कार्यालयात आमचं पत्र तीनदा हरवलं. चौथ्यांदा मी स्वतः जाऊन दिलं, तर साहेब जेवायला गेले होते. सकाळी अकराला. शेवटी ओळखीच्या ओळखीतून दोन रात्रींसाठी एक बोया मिळाली आणि तारीखही त्या मालकाच्या सोयीने ठरली. पंचांग आम्ही नंतर उघडलं.

पंचांग हा शब्द मी गमतीने वापरत नाहीये. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. जंजिरा बघायला जाणाऱ्या भटक्यांनाही हा हिशेब पाठ असतो. मिनिटाला मिनिट जुळत नाही, त्यासाठी छापील तक्ते आहेत, पण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उत्तर मिळतं.

खरी शिकवणी घेतली ती शेजारच्या काकांनी. ते खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेतून निवृत्त झालेत. ही संस्था १९१६ सालची, आणि समुद्रापासून एवढ्या लांब, सिंहगडाच्या पायथ्याशी मोठमोठ्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी खेळवते. काकांनी उमेदीची वर्षं तिथेच घालवली. नकाशावरचा रव्याचा डबा उचलून ते म्हणाले, "अहो, तुम्ही लाटांना घाबरताय. मुंबईत पाण्याच्या उंचीला घाबरा." उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईत ओहोटी आणि भरती यांत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे दीड मजला. तेवढं पाणी सव्वासहा तासांत बंदराच्या तोंडातून आत शिरतं आणि पुढच्या सव्वासहा तासांत बाहेर पडतं. भिंतीला आखूड दोराने बोट बांधून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत ती दोराला लटकलेली असेल. काकांचा सल्ला: अष्टमीच्या आसपास या, भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. बोयाची तारीख योगायोगाने त्याच सुमाराची निघाली. मेव्हणे म्हणाले, "बघा, ठरवून केलं." मी गप्प बसलो.

मग पेट्रोल. दोन्ही इंजिनं मिळून वीस नॉटच्या, म्हणजे तासाला वीस सागरी मैलांच्या, वेगाला तासाला साठ लिटर पितात, म्हणजे सागरी मैलाला तीन लिटर. गाडीचं मायलेज काढणाऱ्या पुणेकराला हा आकडा झोपू देत नाही. टाकी चारशे लिटरची, आणि नियम असा की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेल्याला हात लावायचा नाही. म्हणजे एका दमात फार तर पंच्याऐंशी-नव्वद मैल. मच्छीमार बंदरांत सोसायट्यांचे पंप असतात, पण डिझेलचे. पेट्रोल गावातून आणावं लागतं. यासाठी भाचा बोलेरो घेऊन रस्त्याने समांतर येणार होता, पत्र्याचे कॅन चार-चार करून भरून आणणार होता. माझ्या मते संपूर्ण मोहिमेत सगळ्यात जास्त कष्ट त्यानेच केले, आणि फोटोत तो एकाही ठिकाणी नाही.

आईचा विरोध शेवटपर्यंत होता. तिच्या लहानपणी घरात 'रामदास' बोटीचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प होत. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. "पण आई, ते पावसाळ्यात, आपण जानेवारीत जातोय," हे मी दहा वेळा सांगितलं. ती म्हणाली, "जॅकेट अंगात घालून बसायचं, सीटखाली ठेवायचं नाही." हा नियम नंतर बोट चालवणाऱ्या तांडेलांनीही तसाच्या तसा सांगितला. बाकी सामान थोडक्यात: दोन नांगर, व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर कायम चालू, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि ओवा-आल्याच्या गोळ्या.

पंचमीला पणजीहून निघालो. तांडेल मालवणचे, साठीच्या पुढचे. मी पहिल्याच दिवशी वेळापत्रक काढून त्यांच्यासमोर धरलं. ते म्हणाले, "साहेब, घड्याळ बघू नकात, वारो बघा." हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, समुद्र ताटासारखा असतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि उत्तरेला जाणाऱ्याच्या बरोबर तोंडावर लाटा. म्हणून फटफटताच निघायचं आणि बाराच्या आत नांगर टाकायचा. मालवणजवळ पाण्याखाली इतके खडक आहेत की तिथे तांडेल कुणाशी बोलत नव्हते. विजयदुर्गला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. दुसऱ्या दिवशी जयगड. तिथे वारा फिरला. आम्ही एक दिवस राखीव ठेवला होता, तो खर्ची पडला. बायकोने जयगडला बसून अख्खी कादंबरी संपवली. पुढच्या पहाटे राजपुरीची खाडी, समोर जंजिरा. वाटेत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग पाण्यातून दिसले आणि शेवटच्या दिवशी खांदेरी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हे चार. किनाऱ्यावरून किल्ला समुद्रात उभा दिसतो. समुद्रातून बघितलं की तो तुमच्यावर डोळा ठेवून असल्यासारखा वाटतो, आणि तो बांधलाच त्यासाठी होता.

नवमीला राजपुरीहून मुंबई, फक्त चाळीस मैल, आणि तेच सगळ्यात अवघड. अलिबागच्या अलीकडे डोल जाळ्यांचे, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे दोर. एक डाव्या इंजिनाच्या पंख्यात अडकला. आउटबोर्डचा एक फायदा, इंजिन वर उचललं की पंखा पाण्याबाहेर येतो. तरी दोर सोडवायला पाऊण तास गेला. जाळ्याचा नाखवा होडी घेऊन आला, आम्हाला जे बोलायचं ते बोलला, मग स्वतःच सुरी काढून मदतीला वाकला. आम्ही दोराचे पैसे देऊ केले. त्याने घेतले, आणि बरोबरच केलं.

खांदेरीचं दीपगृह १८६७ चं. तिथून पुढे चित्र बदलतं. नांगरून उभी असलेली तेलवाहू जहाजं, लांबूनच गुदमरवणारी. त्यांच्या वाटेत यायचं नाही, जहाजमार्ग ओलांडायचा तर सरळ काटकोनात आणि पटकन. नौदलाच्या बाजूला फिरकायचं नाही. मेव्हणे रेडिओवर बंदराच्या वाहतूक कक्षाशी बोलताना अचानक इतके नम्र झाले की बायको हसायला लागली. मग धुरक्यातून आधी उंच इमारती, मग ताजचा घुमट, मग गेटवे. मी मुंबईला शंभरेक वेळा गेलो असेन, पण दरवेळी मागच्या दाराने. शिवाजीनगरहून गाडीत बसणारा माणूस या शहराचं तोंड कधी बघतच नाही.

ओहोटी चालू होती. गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्यागार शेवाळाच्या. भांगाचं पाणी निवडून आम्ही ओढ टाळली होती, पण नवमीला पाणी सकाळभर उतरतं हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं. वहिनी घसरल्या, गुडघा फुटला. शेजारी सेल्फी काढणाऱ्या एका कुटुंबाने पाण्याची बाटली दिली.

मुंबईच्या मुक्कामासाठी मंडळींनी जे ठरवलं होतं, इराणी हॉटेल, वस्तुसंग्रहालय, नाटक, कुलाब्याची खरेदी, ते त्यांनी केलं. बोटीवर मात्र कुणीतरी थांबायला हवंच होतं. पहिल्या रात्री तांडेलांबरोबर मी राहिलो. संध्याकाळपर्यंत घारापुरीच्या लाँची जात-येत होत्या आणि प्रत्येकीच्या लाटेने चहा सांडत होता. त्या बंद झाल्या आणि पाणी शांत झालं. तांडेलांनी स्टोव्हवर भात टाकला, मी खिडकीतून ताज बघत बसलो. आत खोली घ्यायची आपली ऐपत नाही, पण समोरची जागा फुकट. मध्येच डोळा लागला. जाग आली तर ताज जागेवर नव्हता! साखळी तुटली म्हणून मी ओरडलो. तांडेल पडल्या पडल्याच म्हणाले, "पाणी फिरला, साहेब." ओढ उलटली होती आणि बोट बोयाभोवती फिरून दुसरीकडे तोंड करून उभी होती. ताज आता पाठीमागच्या दारातून दिसत होता.

तिसऱ्या दिवशी मांडवा, जेमतेम चौदा किलोमीटर. बोट मालकाच्या हवाली, म्हणजे मेव्हण्यांच्या, आणि आम्ही बोलेरोत. पेणच्या पुढे आईचा फोन आला.

"मुंबईहून निघालात का?"

"हो, बोट पोचली सुखरूप."

"बरं. एक्स्प्रेसवेवर जपून या, आज रविवार आहे."