भुताच्या पिक्चरची आता भीती वाटते का?

'एवढे भुताचे पिक्चर बघता, पण आता पहिल्यासारखी भीती वाटते का हो?' कोल्हापुरात कुठंही बसलो की सिनेमाचा विषय निघतो आणि मग हा प्रश्न येतोच. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो. वाटते. पहिल्यापेक्षा जास्त वाटते.

पडद्याला घाबरणं आपल्या गावाला नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्यातला कीचकवध इतका खरा उतरला होता की ते दृश्य कापावं लागलं. पडद्यावर दिसलं म्हणजे ते घडलंच, असं मानणारे डोळे होते ते.

मग भुताचे हिंदी पिक्चर काढणारे रामसे बंधू आले. १९८४चा 'पुराना मंदिर', त्यातला तो धिप्पाड सैतान, सामरी. शहाणी माणसं या पिक्चरना नावं ठेवायची, मला ते कधीच पटलं नाही. कारण पिक्चर टॉकीजमध्ये संपायचा नाही. निम्मं पब्लिक आसपासच्या खेड्यांतलं. शेवटचा खेळ सुटला की सायकलवरनं उसातल्या वाटेनं घर गाठायचं. रात्री उसात वारा शिरला की पाल्यावर पाला घासतो आणि पलीकडच्या सरीतनं कुणीतरी आपल्या बरोबरीनं चालल्यासारखं वाटतं. आपण थांबलो तरी ते थांबत नाही. त्यात चकव्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. सामरीचं निम्मं काम ऊसच करायचा. आता मल्टिप्लेक्समधनं गाडीत बसतो आणि उजेडातनं घरी येतो. ती भीती गेली, हे कबूल.

पुढं भुतानं हवेली सोडली. राम गोपाल वर्मांच्या 'भूत'मध्ये, २००३ साली, ते उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. पण मला बोलायचंय ते 'लपाछपी'बद्दल. २०१७चा मराठी पिक्चर. चहूकडं ऊस, मधे एक घर, त्या घरात एक गरोदर बाई. ऊस तोच, पण भीती उसाची नाही. पोटातल्या मुलीच्या जिवावर उठलेल्या माणसांची आहे.

'पुराना मंदिर'मधला शाप आठवून बघा: त्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरणार. म्हणजे गरोदर बाईचा जीव तेव्हाही टांगणीलाच होता, फक्त दोष सैतानाच्या माथी मारून आपण मोकळे व्हायचो. 'लपाछपी'नं ती सोय ठेवली नाही. त्यातलं पाप घरातल्यांचंच आहे, आणि आपल्याला ते परकं नाही. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. २०११ला ८६३. आकडा थोडा सुधारला, पण ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्या कुठल्या दुसऱ्या देशातल्या नव्हत्या. आपल्याच तालुक्यांतल्या, आपल्याच भावकीतल्या. हा पिक्चर बघताना मला राहून राहून ओळखीची घरं आठवत होती.

पोरं म्हणतात, हल्ली भीती दाखवायला मेकअप लागत नाही, कॉम्प्युटरवर सगळं होतं. होत असेल. 'लपाछपी' मात्र एकट्यानं मोबाईलवर बघू नका. आई, सासूबाई, आत्या, सगळ्यांना घेऊन बसा. संपल्यावर टीव्ही बंद करा आणि त्यांना बोलू द्या.