न उघडलेल्या पॅराशूटचं बिल

विमानाचं लॉगबुक नीट वाचायची सवय मला उशिरा लागली. २०२१ मध्ये टेक्सासमधल्या डेंटनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एका सिरस एसआर-२२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानात मी एक तृतीयांश हिस्सा घेतला. तेव्हा इंजिनाचे तास बघितले, रंग बघितला, कधी आपटलंय का ते विचारलं. सप्टेंबर २०१४ ची एक ओळ वाचलीसुद्धा होती: पॅराशूट आणि रॉकेट बदलले. बरं झालं, नवीन आहे, असं म्हणून पान उलटलं. २००४ चं विमान आणि पॅराशूटची मुदत दहा वर्षं, म्हणजे पुढची पाळी सप्टेंबर २०२४ ची, आणि ती आमच्याच गळ्यात. हा हिशेब तेव्हा डोक्यात शिरला नाही.

सांगलीला आईला सांगितलं तर तिला वाटलं, आम्ही पॅराशूट पाठीला बांधून बसतो. तसं नाही. हे पॅराशूट माणसाला नाही, अख्ख्या विमानाला आहे. सामानाच्या कप्प्यामागे ते दाबून बसवलेलं असतं. छतातलं लाल हँडल जोर लावून खेचलं की घन इंधनाचं एक छोटं रॉकेट सुटतं, वरचं झाकण उडवून पॅराशूट बाहेर ओढतं. फायबरग्लासच्या कातडीखाली पुरून ठेवलेले पट्टे टराटरा उसवत बाहेर येतात आणि विमान त्यांना लटकून खाली येतं. आमच्या विमानातलं कापड पसरलं तर ५५ फूट व्यासाचं होतं. खऱ्या अडचणीत ते पहिल्यांदा उघडलं ऑक्टोबर २००२ मध्ये, आमच्या डेंटनपासून मोटारीनं अर्ध्या तासावर असलेल्या लुइसव्हिलजवळ. दुरुस्तीनंतरच्या उड्डाणात पंखाचा एक एलरॉन, म्हणजे विमान कलवायला पंखाच्या मागच्या कडेला असते ती हलती फळी, निखळून लोंबायला लागला होता. वैमानिक सुखरूप बाहेर आला. त्यामुळे आमच्या भागात या पॅराशूटची थट्टा कोणी करत नाही.

पण पैशाची गोष्ट निघाली की थट्टा सुचते. मार्च २०२४ मध्ये मी पहिला फोन केला तो हे टाळता येतं का ते विचारायला. इंजिनाचं उदाहरण डोक्यात होतं. आमच्या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे ते पूर्ण उघडून करायची दुरुस्ती, कंपनी ठरावीक तासांनी करायला सांगते, पण खासगी वापराच्या विमानाला तो सल्ला आहे, सक्ती नाही. तेल तपासा, सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघा, ठीक असेल तर चालवत राहा. पॅराशूटचंही तसंच असेल असा माझा भाबडा समज. आमचा मेकॅनिक फोनवर हसलाच. पॅराशूटची मुदत देखभालीच्या मॅन्युअलमध्ये ज्या प्रकरणात लिहिली आहे, त्यातली प्रत्येक तारीख कायद्यानं बंधनकारक. ती उलटली की विमान उड्डाणयोग्य नाही, मग ते हँगरमध्ये कितीही चकाकत उभं असो. उघडून बघा, कापड चांगलं असेल तर परत घडी घाला, हेही चालत नाही.

मग काढूनच टाकलं तर? हा प्रश्न नागपूरकर पार्टनरचा. तेही जमत नाही. या विमानाला एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, मान्यता मिळाली तेव्हा स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली कोसळणाऱ्या अवस्थेतून, विमान बाहेर काढून दाखवायची नेहमीची परीक्षा पूर्ण न घेता त्या जागी हे पॅराशूट मान्य केलं गेलं. म्हणजे ती वर बसवलेली चैनीची वस्तू नाही, विमानाच्या कुंडलीतच आहे.

कोटेशन आलं १८,९०० डॉलरचं. आमचा नेहमीचा मेकॅनिक हे काम करू शकत नाही, त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेलंच सर्व्हिस सेंटर लागतं. आम्हाला सोयीचं होतं ते दुसऱ्या राज्यात. शिवाय आमचं मॉडेल जुनं. सिरसच्या पुढच्या पिढीत हे काम आतून होतं; आमच्यात वरचं झाकण कापून काढायचं, काम झाल्यावर फायबरग्लासनं पुन्हा बसवायचं आणि रंगवायचं.

त्यात इंजिनासाठी आम्ही तासाला ३५ डॉलर बाजूला टाकत होतो, पॅराशूटसाठी एक छदाम नाही. मग भांडण झालं. नागपूरकर वर्षाला जेमतेम चाळीस तास उडतो, मी ऐंशीच्या आसपास, तिसरा निवृत्त टेक्सासवाला दोघांपेक्षा जास्त.

"भाऊ, तुम्ही दोघं हप्त्याले उडता. मी तं दिवाळी-दसऱ्याले. मग मी काहून तेवढेच पैसे देऊ?"

"अरे, इंजिन आपण वापरतो तेवढं झिजतं. हे नुसतं पडून झिजतं. तू एक तासही उडला नाहीस तरी सप्टेंबर येणारच ना?"

"मग उडलोच नाही तं मले त्याचा उपयोग काय?"

खरं सांगायचं तर त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते दिलं टेक्सासवाल्यानं, तेही एका कागदावर. त्यानं दोन रकाने पाडले. एका बाजूला पेट्रोल, तेल, टायर, इंजिन, ते तासांवर. दुसऱ्या बाजूला हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी. ते तीन सारखे वाटे. मग पॅराशूट कोणत्या रकान्यात बसतं ते नागपूरकरालाच विचारलं. त्यानं दोन दिवस घेतले आणि मेसेज केला: "दुसऱ्या. पण पुढच्या वेळी आधी सांगत जा." यात तो शंभर टक्के बरोबर होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी विमान पोचवलं. तीन आठवडे म्हणाले होते, लागले आठ. पॅराशूट वेळेत आलं, रॉकेट अडकलं. ते स्फोटक पदार्थात मोडतं, त्यामुळे नेहमीच्या पार्सलसारखं येत नाही; त्याची कागदपत्रं वेगळी, वाहतूक वेगळी, भाडंही वेगळं. हे सेंटरनं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दर सोमवारी मी फोन करायचो आणि दर सोमवारी "या आठवड्यात" असं ऐकायचो. उन्हाळ्यातल्या चांगल्या हवेचे सगळे शनिवार-रविवार त्यात गेले आणि हँगरचं भाडं मात्र चालू राहिलं.

एक गोष्ट मात्र बघायला मिळाली, ती मी पैसे देऊनही बघितली असती. जुनं पॅराशूट काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. मेकॅनिकनं आधी छतातल्या हँडलची सुरक्षा-पिन लागली आहे ना ते स्वतः हात लावून पाहिलं, मग मला दाखवलं, मग पुन्हा पाहिलं. रॉकेट निकामी करून बाजूला जाईपर्यंत आम्हाला मागे उभं केलं होतं. पॅराशूट बाहेर आलं तेव्हा मला गाठोडं अपेक्षित होतं. निघाली वीट! प्रेसखाली इतकं दाबून भरतात की बोटानं टोचलं तर बोट दुखतं. दहा वर्षांचं नायलॉन, सूर्यप्रकाश कधी न पाहिलेलं, पावसात न भिजलेलं, कोऱ्या कापडाच्या वासाचं. ते बघून वाईटच वाटलं. आजीच्या ट्रंकेतली न नेसलेली पैठणी कोणी कचऱ्यात टाकावी तसं.

त्याच कामात पट्ट्यांवरचे छोटे कटरही निघाले. पॅराशूट उघडलं की विमान आधी नाक खाली करून लटकतं. काही सेकंदांनी हे कटर मागचा पट्टा मोकळा करतात आणि विमान सपाट होतं. त्यांची तारीख पॅराशूटपेक्षा वेगळी. एका विमानात इतक्या एक्स्पायरी असतात हे मला किराणा दुकानदाराच्या मुलाला आधी कळायला हवं होतं.

विमान तिथे होतंच, म्हणून बाकीच्या तारखाही उरकल्या. आग विझवायचा हॅलन वायूचा सिलिंडर वजन करून पास झाला. गॅल्व्हेस्टनला समुद्रावरून जातो म्हणून घेतलेल्या लाइफ जॅकेटांची गॅसची नळकांडी बदलली, ते किरकोळ. आर्मरेस्टमध्ये काच फोडायचा हातोडा असतो. संपूर्ण विमानात मुदत नसलेली सुरक्षेची वस्तू बहुधा तेवढीच. ईएलटीची, म्हणजे विमान आपटलं की आपोआप संकटाचा संदेश देणाऱ्या यंत्राची, बॅटरी बदलायला आली होती. ती संपेपर्यंत थांबायचं नसतं. उपयुक्त आयुष्य अर्धं सरलं, किंवा यंत्र एकूण तासाभराहून जास्त वाजलं, की बदलायची. अमेरिकेत हे यंत्र सक्तीचं झालं त्यामागे १९७२ चं एक विमान आहे. त्यात दोन खासदार होते. ते अलास्कात हरवलं आणि आजतागायत सापडलेलं नाही.

बॅटरी बदलताना मेकॅनिकनं सहज विचारलं, "याची नोंदणी कोणाच्या नावावर आहे?" आमचं यंत्र ४०६ मेगाहर्ट्झचं, उपग्रहाला संदेश देणारं. त्याचा नंबर नोआ या सरकारी संस्थेकडे नोंदवावा लागतो, दर दोन वर्षांनी ताजा करावा लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. बघितलं तर नोंदणी अजून माझा हिस्सा ज्यानं विकला त्याच्या नावावर. म्हणजे तीन वर्षांत आम्ही कुठे शेतात पडलो असतो तर शोधपथकानं फोन त्याला केला असता, आणि त्यानं सांगितलं असतं की मी घरी सोफ्यावर मजेत आहे. इकडे आम्ही पॅराशूटच्या हजारो डॉलरांवर सहा महिने काथ्याकूट केला, आणि हे फुकटचं काम कोणाच्या ध्यानातही नव्हतं. तिथेच उभं राहून मोबाइलवर तीन मिनिटांत केलं.

शेवटचं बिल २१,३४० डॉलरचं झालं. निम्म्याहून जास्त पॅराशूट आणि रॉकेट, मग मजुरी, फायबरग्लास, रंग, रॉकेटचं भाडं, बाकी चिल्लर. तेव्हाच्या दरानं जवळपास अठरा लाख रुपये. आईनं आकडा ऐकला आणि विचारलं, "आणि ते उघडलं का कधी?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "देव करो, याही वेळी अठरा लाख वाया जावोत."

आता आम्ही तिघं दर महिन्याच्या एक तारखेला ७५ डॉलर वेगळ्या खात्यात टाकतो, उडलो तरी आणि नाही उडलो तरी. आताच्या भावानं ६० पुरले असते, पण २०३४ चा भाव आताचा नसणार.

रंग मात्र जुळला नाही. वीस वर्षं उन्हात राहिलेला पांढरा आणि डब्यातला नवा पांढरा. मागच्या खिडकीच्या वर ठिगळ स्पष्ट दिसतं. नागपूरकरानं फोटो बघून पहिला मेसेज टाकला, "एवढे पैसे घेतले अन् ठिगळ लावून देल्लं?" दुसरा लगेच: "शनिवारी कोण उडतंय? मी येतो."