मुलुंडची जागा, मैदानाचं आरक्षण आणि टीडीआर : माझा अनुभव

बाबांनी १९७४ साली मुलुंडला ४८० चौरस मीटरचा प्लॉट घेतला तेव्हा तो साधा रहिवासी झोनमध्ये होता, हे आधीच सांगतो कारण पुढे जो तो आम्हाला म्हणायचा की आरक्षण बघून घ्यायची ना जागा. आरक्षण नव्हतंच तेव्हा. मुंबईचा पुढचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, १९९१ ते ९४ मध्ये भागाभागाने मंजूर झाला, त्यात आमच्या इथली जागा खेळाच्या मैदानासाठी राखीव झाली, म्हणजे आरक्षण पडलं आणि आमचा तुकडा त्यात अख्खा गेला. प्रॉपर्टी कार्डावर नाव आमचंच, टॅक्स आम्हीच भरायचा, पण बांधता येत नाही, कर्ज मिळत नाही, आणि विकायला काढली की घेणारा डीपी रिमार्क (जागेवर आरक्षण आहे का ते सांगणारा पालिकेचा कागद) बघेपर्यंतच गोड बोलायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन घेतली तर मोबदला आहे, पण नुसती अडकवून ठेवली तर त्या वर्षांचा एक पैसा कोणी देत नाही. नगररचना कायदा १९६६ चा, त्याच्या कलम १२६ मध्ये तीन रस्ते आहेत, बोलणी करून ठरलेली रक्कम, नाहीतर एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधता येतं ते) किंवा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर भूसंपादन. तिन्ही रस्ते जमीन हातातून गेल्यावरचे. मधली वीस-पंचवीस वर्षं कुठेच मोजली जात नाहीत. आमच्या घरात त्या वर्षांत बहिणीचं लग्न झालं, आईचं ऑपरेशन झालं, आणि दोन्ही वेळेला जागा असून नसल्यासारखी.

टीडीआर १९९१ च्या नियमावलीपासूनच होता पण तेव्हा जेवढी जमीन तेवढाच मिळायचा, बाबांना ते पटलं नाही. दुसरा मार्ग कलम १२७, म्हणजे दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, ती वाढत वाढत आता २४ महिने झालीय. वकिलांनी २००५ मध्ये नोटिशीचा ड्राफ्ट करून दिला होता, बाबांनी तो फाइलला लावला आणि पाठवला नाही. का ते कधी बोलले नाहीत. २०१३ ला गेले.

२०१८ ला नवीन डीपी आला, तेच मैदान परत. फरक एवढा की आता उपनगरात जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, शहर भागात अडीच पट. मग मी ठरवलं, आता जागा पालिकेला द्यायची.

सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला असेल तर आमच्याच कागदांत. जागेत आजोबांचे पैसे होते म्हणून कार्डावर बाबा आणि आत्या दोघांची नावं, आणि बाबांच्या जागी आमची वारस नोंद केलेलीच नव्हती. प्लीज, तुमच्याकडे अशी जागा असेल तर बाकी काहीही करायच्या आधी कार्ड काढून बघा. नोंद, प्रतिज्ञापत्रं, बहिणीचं हक्कसोड पत्र, त्यासाठी ती नाशिकहून दोनदा आली. आत्या ७८ वर्षांची, ती म्हणाली, "अरे सही कुठेही घे माझी, पण द्यायच्या आधी एकदा जागेवर ने."

मग मोजणी. कार्डावर ४८०, प्रत्यक्षात भरली ४६९, बाकीचे ११ मीटर शेजारच्या शेडखाली. भांडायचं की सोडायचं यात दोन महिने गेले, शेवटी सोडले, कारण ११ मीटरसाठी कोर्टात गेलो असतो तर उरलेले ४६९ पण लटकले असते. टायटलसाठी वकिलांनी ३० वर्षांचा सर्च घेतला, पेपरात जाहीर नोटीस दिली, आणि एका गृहस्थांची हरकत आली की बाबांनी १९८८ मध्ये त्यांच्या वडिलांकडून बयाणा घेतला होता. खरं होतं ते. घेतला होता आणि परत पण केला होता. आईने पत्र्याची पेटी उपसली तेव्हा तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत ती पावती मिळाली, रेव्हेन्यू स्टॅम्प अर्धा निघालेला, त्यावर आडवी सही, "पूर्ण रक्कम पावली". तो कागद नसता तर आमचं काय झालं असतं याचा मी अजून विचार करतो. हरकत मागे घेतली गेली.

अजून एक, जे मला आर्किटेक्टने सांगेपर्यंत माहितीच नव्हतं. जागा नुसती देऊन चालत नाही, लेव्हल करून, भोवती दीड मीटर उंच कंपाउंड वॉल आणि गेट स्वतःच्या खर्चाने बांधून द्यायची. हातात काही यायच्या आधी ज्या जमिनीवर तीस वर्षं एक वीट ठेवू दिली नाही तिच्यावर आम्ही भिंत बांधली, घरातली एफडी मोडून. गवंडी काम करत होता तेव्हा आत्याला नेलं. कोपऱ्यात बाबांनी लावलेला आंबा आहे, ती खाली वाकून त्याच्या बुंध्याजवळची माती हाताने सारखी करत होती, बराच वेळ, मी काही बोललो नाही.

ताबा पावती झाली, गेटची चावी दिली, कार्डावर पालिकेचं नाव चढलं आणि २०२२ मध्ये डीआरसी, म्हणजे टीडीआरचा दाखला, हातात आला. त्यात क्षेत्रफळ आकड्यात आणि अक्षरी लिहिलेलं असतं, आमचे ९३८ चौरस मीटर. पण तो आकडा जिथे वापरणार तिथे तेवढाच राहत नाही, रेडी रेकनरच्या, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी जमीन दराच्या, प्रमाणात बदलतो. समजा आपल्या जागेचा दर ६० हजार आणि बिल्डर जिथे वापरणार तिथला ९० हजार, तर ९०० मीटरचे तिथे ६०० च होतात. म्हणून घेणारा भाव करताना हा हिशोब आधीच करून बसलेला असतो, तुम्ही पण करून जा. त्यात झोपडपट्टी पुनर्वसन योजनांमधला टीडीआरही याच बाजारात येतो, त्यामुळे भाव वरखाली होतो. आम्ही तीन ब्रोकरकडे विचारलं, चार महिने थांबलो आणि विकला. पैसे वाईट आले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. बाबा असताना यायला हवे होते.

मागच्या महिन्यात त्याच मैदानात ज्यांचा तुकडा अजून आहे ते काका घरी आले होते. ते टीडीआर घेणार नाहीत, २०२८ ला या डीपीला दहा वर्षं होतात तोपर्यंत थांबून १२७ ची नोटीस देणार म्हणतात. बाबांच्या फाइलमधला ड्राफ्ट मी त्यांना झेरॉक्स करून दिला आणि म्हटलं, काका, वारस नोंदीचं मात्र या आठवड्यातच बघा.